आमचे जावई आणि साडेसातशे मैल

"वहिनी, जरा गडग्यापाशी या. चारचौघांत बोलू नका, पण आमचे जावई शिडाच्या होडीनं मेक्सिकोला जाऊन आले."

"ते? दाभोळच्या फेरीबोटीत तोंड पिवळं पडलेले?"

"तेच. ऑफिसातल्या कुणाची होडी, आणि रात्रीच्या पाळीला माणूस कमी पडत होता. सॅन दिएगो ते काबो सान लुकास, साडेसातशे सागरी मैल म्हणा. ताफाच जातो, 'बाहा हा-हा' म्हणतात त्याला. सेलिंगच्या एका मासिकवाल्यांनी १९९४ साली चालू केलं."

"पण ऐन थंडीत कशाला?"

"ऑक्टोबर सरताना निघतात. आपल्याकडे नारळी पौर्णिमेआधी कुणी होडी लोटतं का? तिथं वादळांचा मोसम सरल्याशिवाय विमेवाले खाली जाऊ देत नाहीत. बऱ्याच जणांना १ नोव्हेंबरची अट. आणि निघायच्या आधी सोंगं घेऊन पार्टी! हे कमरेला कोळ्याचा रुमाल गुंडाळून गेले. फोटो आहे, पण इथं उन्हात दिसायचा नाही."

"चला, शंभर होड्या बरोबर म्हणजे तुमच्या लेकीला घोर नाही."

"मीही तेच म्हटलं, तर ती हसली. पहिला टप्पा टर्टल बेपर्यंत, साडेतीनशे मैलांच्या वर. कुणाची होडी पळते, कुणाची रेंगाळते. रात्री लांब एखाददुसरा दिवा दिसला तर दिसला. सकाळी रेडिओवर हजेरी लागते, आपण कुठं आहोत ते सांगायचं. बाकी ज्याचं सुकाणू त्याच्या हातात. टर्टल बेला मात्र सगळे गोळा झाले आणि धुरळ्यात बेसबॉल खेळले. पुढं बाहिया सांता मारिया, मग काबो."

"आणि उलट्या?"

"पहिले दोन दिवस. ते मी विहीणबाईंना सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका. नंतर सावरले, गळाला कुपासुद्धा लागला. तिथं नुसता गळ होडीत असला तरी सगळ्यांचे परवाने लागतात म्हणे."

"कालवण केलं असेल."

"कसलं कालवण! लिंबू पिळून कच्चा खाल्ला."

"अगं बाई! आणि परत येताना?"

"तीच तर गंमत. जाताना वारा वायव्येचा, पाठीवर घेऊन आरामात जायचं. येताना तोच नाकावर. लाटाही समोरून, होडी आपटत आपटत चढवायची. बरेच जण पगारी माणसं लावून होडी वर मागवतात, कुणी वसंतापर्यंत तिकडेच ठेवतात. आमचे विमानानं आले."

"शहाणे आहेत हो."

"कसले शहाणे! आता स्वतःची होडी घ्यायची म्हणतात. लेक म्हणाली, घ्या, पण वाऱ्याच्या तोंडावर ती परत कोण आणणार, ते आधी कागदावर लिहून द्या."

"दिलं?"

"कसले देतायत! सासऱ्यांना फोन केलाय, 'बाबा, हिवाळ्यात मोकळे आहात का?' आणि आमचे हे, वहिनी, कालपासून पासपोर्ट शोधतायत."