पितृपक्षातली मोटारहोम

मोटारहोम घ्यायची तर पितृपक्षात घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. दसऱ्याला सगळेच घेतात, पाडव्याला सगळेच घेतात. साडेतीन मुहूर्तांतला अर्धा कुठला यावर घरोघर वाद असतील. पण मुहूर्ताच्या दिवशी शोरूममध्ये आपल्याला कोणी पाणीही विचारत नाही, यावर दुमत नाही. पितृपक्षात तोच सेल्समन दारापर्यंत येतो, चहा मागवतो, ‘साहेब’ म्हणतो. गिऱ्हाईक फिरकत नसतं आणि महिन्याचं टार्गेट मानेवर बसलेलं असतं. अशा वेळी जो बोलणी करतो त्याला सूट मिळते, वर सीट कव्हरं फुकट. कावळ्याला न घाबरणाऱ्या माणसाला याहून चांगला पंधरवडा नाही.

हे ज्ञान मी डोंबिवली ते ठाणे उभ्या उभ्या वाटत आलो आहे. लोकलच्या डब्यात मला ‘बाजारभाव’ म्हणतात. फ्रिज जानेवारीत घ्या, एसी डिसेंबरात, छत्री मार्चमध्ये. माझ्या सल्ल्यावर लोकांची घरं भरली. मी स्वतः मात्र योग्य वेळेची वाट बघतोय, कारण घाईने घेणं हे सामान्य माणसाचं लक्षण. आमचा टीव्ही अजून पाठीला पोक असलेला आहे. “अहो, आता आणखी थोडं थांबा,” बायको म्हणते, “म्हणजे हाच पुराणवस्तू म्हणून महाग होईल.” तिला बाजार कळत नाही.

मोटारहोमचं खूळ डोक्यात भरवलं ते अमेरिकेतल्या भाचीने. तिकडे म्हणे थंडी पडायला लागली की मोटारहोमचे भाव उतरतात. उन्हाळा संपलेला, फिरणारे घरी परतलेले, नवी मॉडेलं येऊ घातलेली आणि डीलरच्या अंगणात जुना माल उभा. मी लगेच वहीत कोष्टक आखलं. पण पहिल्या चौकशीतच कळलं, की आपल्याकडे अंगणातच काही उभं नसतं! इथे मोटारहोम ऑर्डरीबरहुकूम बनते. आधी ट्रॅव्हलरसारखी लांब गाडी, मग आत पलंग, ओटा, पाण्याची टाकी, बाथरूम. डिसेंबरात साध्या गाड्या स्वस्त मिळतात, कारण एक जानेवारी उजाडली की उरलेला माल एका रात्रीत ‘गेल्या सालचा’ होतो. जी गाडी अजून बनलेलीच नाही, ती गेल्या सालची कशी होणार? म्हणजे सूट गाडीच्या सांगाड्यावर मिळाली तर मिळाली. आतल्या संसारावर नाही.

जुना टेम्पो घेऊन आपल्या सुताराकडून आत पलंग ठोकून घ्यावा, हा माझा पुढचा बेत. तो मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने मोडला. परवानगीवाचून गाडीची मूळ रचना बदलता येत नाही. सुतार तर रंगसुद्धा ठरवून बसला होता.

मग आलं २०२५. पंधरा ऑगस्टला लाल किल्ल्यावरून जीएसटी कमी होणार अशी घोषणा झाली. माझ्या सिद्धांताची परीक्षा घ्यायला याहून चांगला पितृपक्ष कुठला? ठाण्यातल्या एका शोरूममध्ये मी नुसता भाव काढायला गेलो. सेल्समन दारापर्यंत आला, चहा आला, ‘साहेब’ही आलं. आणि तो हळूच म्हणाला, “साहेब, आत्ता घेऊ नका. बावीस तारखेनंतर या.” उभ्या आयुष्यात मला कोणी घेऊ नका म्हणून विनवलं नव्हतं. २१ सप्टेंबरला सर्वपित्री अमावास्या आणि २२ ला, बरोबर घटस्थापनेला, नवे दर लागू. छोट्या गाड्यांवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ वर. माझा सिद्धांत चुकला नव्हता; खुद्द सरकारच पितृपक्ष पाळेल ही शक्यता त्यात धरलेली नव्हती, एवढंच. शिवाय ‘छोटी’ म्हणजे चार मीटरच्या आतली. माझं स्वप्न सहा मीटरच्या पुढे होतं. स्वप्नं बघताना टेप लावायची असते हे कोणी सांगितलं नव्हतं.

२०२६ साठी मी अधिक मासाकडे डोळे लावले. १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ, म्हणजे पितृपक्षाच्या दुप्पट मुदतीची मंदी. “अधिकात जावयाला वाण देतात,” बायको म्हणाली. “गाडी नाही घेत. आणि जावयाला काय देणार ते आधी ठरवा.”

इथे मला गाड्यांच्या कव्हरांबद्दल थोडं बोलू द्या. विषयाशी संबंध आहे; नसला तरी मी बोलणारच आहे.

डोंबिवलीत मोटार ही चालवायची वस्तू नाही. ऑफिसला लोकल, भाजीला पाय, लग्नाला रिक्षा. मोटारीच्या वाट्याला येतो तो दसरा. त्या दिवशी कव्हर निघतं, गाडीला आंघोळ होते, झेंडूची माळ चढते, चाकाखाली लिंबू जातं. गणेश मंदिरापर्यंत एक फेरी होते, तिचा बराचसा भाग फडके रोडवर जागच्या जागी. मग गाडी परत आपल्या कोपऱ्यात, वर कव्हर, की वर्षभर बघायला नको.

कव्हरांचा मी अभ्यास केला आहे. नवी गाडी चंदेरी कव्हर घालते, खाली इलॅस्टिक, पोटावर दोरी. पहिला पावसाळा संपला की चंदेरी मुलामा पापुद्र्यांनी उडतो आणि शेजारणीच्या वाळत घातलेल्या साडीवर जाऊन बसतो. मग सोसायटीची एक सभा होते. पुढची पायरी ताडपत्री. त्याच्याही पुढे हॉलच्या जुन्या पडद्यांतून शिवलेलं कव्हर आणि ते उडू नये म्हणून टपावर वीट. आमच्याकडच्या एका गाडीवरची केळीच्या पानांची नक्षी मला फार ओळखीची वाटायची. एकदा आठवलं, त्याच पडद्याला पाठ लावून आम्ही गाडीवाल्यांकडे सत्यनारायणाचा प्रसाद खाल्ला होता. प्रत्येक बॉनेटला आपलं एक मांजर असतं. कव्हर बदललं तरी मांजर बदलत नाही.

आणि रविवारी सकाळी असतो ‘गाडी चालू करणे’ हा विधी. बॅटरी उतरू नये म्हणून इंजिन दहा मिनिटं फुरफुरू द्यायचं. पहिल्या मजल्यावरचे काका मात्र तासभर बसतात. अंगात बनियन, काचा वर, हातात पेपर. काकांचा गाडीवर जीव आहे असं मी समजत होतो. मग कळलं, की दहाव्या मिनिटाला ते इंजिन बंद करतात आणि बसून राहतात. वर दोन खोल्यांत मुलगा, सून, नातू, काकू आणि काकूंचा टीव्ही. तो तास काकांचा असतो. एकदा हे दिसल्यावर बाकीचंही दिसायला लागलं. परीक्षेचा अभ्यास करणारा एक मुलगा रात्री बापाच्या गाडीत टपावरचा दिवा लावून वाचत बसतो. तिसऱ्या मजल्यावरची नवी सून संध्याकाळी खाली येते, गाडीत बसून माहेरी फोन करते, आरशात डोळे बघते आणि वर जाते. आमच्या इमारतीत मोटारहोमा कधीच्या आल्या आहेत. चाकं फिरत नाहीत, पण दार आतून लागतं. गाडी किती किलोमीटर धावली यावर तिचा हिशेब मांडणाऱ्यांनी, माझ्यासकट, हा रकाना धरलेला नव्हता.

परत मुद्द्यावर येतो. कोटेशन आलं. नव्वदच्या दशकात आम्ही फ्लॅटला जे मोजलं त्याच्या कितीतरी पट, आणि फ्लॅट निदान दरवर्षी महाग तरी होत गेला. गाडीचं उलटं. विमा उतरवताना गाडीची किंमत पहिल्या वर्षातच १५ टक्क्यांनी खाली धरतात, तिसरं वर्ष संपताना ३० टक्क्यांनी, पाचवं संपताना निम्म्यावर येते. हा तक्ता सगळ्या गाड्यांचा. आतल्या ओट्याला आणि पलंगाला दया नाही. शहाणा माणूस म्हणून मी निष्कर्ष काढला, की तीन-चार वर्षं वापरलेली घ्यावी. पण तीन-चार वर्षांपूर्वी इथे मोटारहोम घेतलेला आणि आता विकायला काढणारा माणूस आधी सापडायला हवा. तो सापडलाच, तर का विकतोय हे त्याला विचारायचं धाडस हवं.

शिवाय ठेवायची कुठे? आमच्या स्टिल्टमध्ये ती उंचीला शिरत नाही, लांबीला मावत नाही, आणि सोसायटीच्या पुढच्या सभेत मी मावलो नसतो. २०२५ मध्येच राज्याचे परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी पार्किंगच्या जागेचा पुरावा असेल तरच नवी गाडी नोंदवायचा विचार बोलून दाखवला. मंत्री ठाण्याचे आहेत, घोडबंदर रोड त्यांना पाठ आहे. त्यांना मी काय पुरावा दाखवणार? राज्याने २०२१ मध्ये कॅरावॅन पर्यटन धोरण आणलं, त्यात कॅरावॅन पार्कांची कल्पना आहे: गाडी लावायला जागा, पाणी, वीज. हे सगळं पर्यटनस्थळी. म्हणजे पर्यटनाला जाताना सोय, घरी परतल्यावर पंचाईत.

ही सगळी वही मी एका संध्याकाळी बायकोसमोर उघडली. मुहूर्त, मंदी, घसारा, मायलेज, पुनर्विक्री. लाल शाईने रेघा. तिने चष्मा लावून शेवटच्या पानापर्यंत वाचलं आणि विचारलं, “बाथरूम आत आहे ना? कडी आतून लागते?”

मी म्हटलं, असणारच की.

“मग मला कुठल्याही महिन्यात चालेल.”

आमचं गाव संगमेश्वराकडे. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं. तेव्हा शाळेत घातलेली मुलं आता मिशा काढून फिरतात आणि माणगावला गाड्यांची रांग आहे तिथेच आहे. गावाला निघायचं असलं की ही आदल्या संध्याकाळपासून पाणी कमी करते. सकाळी चहा नाही. वाटेत कलिंगड नाही, ताक नाही. मे महिन्याच्या उन्हात ओठ सुकलेले, आणि विचारलं की, “नको, तहान नाही.” मी मात्र प्रत्येक टपरीवर उतरतो, कटिंग मारतो, झाडामागे जाऊन येतो आणि निसर्गाचं कौतुक करत परत बसतो. पेट्रोलपंपावर स्त्रियांच्या दाराला कुलूप. किल्ली कोणाकडे? साहेबांकडे. साहेब? जेवायला गेलेत. कुलूप उघडलंच तर कडी नसते. कडी असली तर दिवा नसतो. दोन्ही असलं तर पाणी नसतं. मग एक बाई आत आणि दुसरी बाहेर दार धरून उभी. ओळख नाही, पाळख नाही. तरी एकमेकींचं दार धरतात.

ही तक्रार माझ्या बायकोची एकटीची नाही. मुंबईत ‘राइट टू पी’ नावाची चळवळ याच मागणीवर उभी राहिली. पुण्याच्या ‘मिळून साऱ्याजणी’च्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये महापालिकांना सांगितलं, की स्त्रियांसाठी स्वच्छ स्वच्छतागृहं पुरवणं ही तुमची जबाबदारी आहे. उच्च न्यायालयाला सांगावं लागलं! आणि मी लाखोंची गाडी कुठल्या पंधरवड्यात दोन टक्के स्वस्त पडेल याचा अभ्यास करत होतो, जिच्यातली नेमकी चार बाय तीन फुटांची जागा तिला हवी होती. बाकीची गाडी तिच्या हिशेबी त्या जागेला गावापर्यंत नेण्यापुरती.

तेव्हा, वाचकहो, ‘बाजारभाव’चा अखेरचा सल्ला. मोटारहोम विकत घेऊ नका, भाड्याने घ्या. वेळ म्हणाल तर जानेवारीअखेर ते मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंतची, तीही शनिवार-रविवार सोडून. दहावी-बारावीच्या परीक्षा आलेल्या असतात, मराठी घरं बाहेर पडत नाहीत, नाताळची गर्दी सरलेली असते, शिमग्याची बहुतेक वर्षी यायची असते. घासाघीस करायला जागा मिळते. चालक त्यांचा असेल तर तो रात्री झोपणार कुठे, हे आधी विचारा. सांडपाण्याची टाकी रिकामी करून मिळाली आहे ना ते बघा. बाथरूमची कडी स्वतः आत जाऊन लावून बघा. आणि विकतच घ्यायची असेल, तर महामार्गावर तासा-तासाच्या अंतरावर कुलूप नसलेलं, दिवा आणि पाणी असलेलं स्त्रियांचं स्वच्छतागृह होईपर्यंत थांबा. त्या दिवशी मोटारहोमची खरी किंमत निम्म्यावर येईल, आणि आमच्या घरात तरी तिची गरज उरणार नाही.