फटाकेवाले भाऊ

नागपूरपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. तरीही पिस्तूल कोळंबीचा स्वभाव बघायचा असेल, तर संध्याकाळी धरमपेठेतल्या लक्ष्मीभुवन चौकात उभं राहावं. अंगानं चार हाडं, शर्टाची वरची दोन बटणं उघडी आणि खाली अवाढव्य बुलेट. भाऊ चालत्या गाडीचं इंजिन बंद करायचं बटण दाबतात, सोडतात आणि 'फाट्ट!' पाणीपुरी तोंडाशी नेलेल्या काकूंची पुरी पायांवर पडते. भाऊ मान तिरकी करून मागच्याला विचारतात, "जोरात झाला ना बे?"

खरी पिस्तूल कोळंबी असते तीनपासून पाच सेंटीमीटरपर्यंत. दोन नांग्यांतली एकच अशी फुगलेली, की जणू दुसऱ्याच्या अंगावरून उसनी आणलेली. या नांगीची दोन पाती एकमेकांवर आपटतात म्हणून आवाज होतो, अशी बरीच वर्षं समजूत होती. २००० साली मिशेल वर्स्लुइस, डेटलेफ लोहसे आणि सहकाऱ्यांनी सेकंदाला ४०,००० चित्रं टिपणारा कॅमेरा लावला, तेव्हा खरा प्रकार उघडा पडला. नांगी मिटताना पाण्याची धार इतक्या वेगानं सुटते, की दाब घसरून तिथं एक बुडबुडा तयार होतो. आवाज होतो तो बुडबुडा फुटण्याचा. पुढच्याच वर्षी कळलं, की त्या क्षणी आत निदान ५,००० केल्विन तापमान असतं आणि प्रकाशही चमकतो.

भाऊंचा फटाकाही असाच. लोकांना वाटतं इंजिनात लई दम आहे. प्रत्यक्षात इंजिनाची ठिणगी क्षणभर बंद असते. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या तापलेल्या नळीत जातं आणि तिथं भडकतं. म्हणजे दम इंजिनाचा नाही, वाया गेलेल्या पेट्रोलचा. आणि पेट्रोल वडिलांच्या पैशाचं.

दुसऱ्या महायुद्धात या कोळंब्यांच्या कडकडाटानं पाणबुड्या हुडकणाऱ्या अमेरिकी नौदलाचं डोकं उठवलं होतं. भाऊंनी अजून गल्लीतल्या आजोबांची दुपारची झोपच तेवढी उडवली आहे.

शिकार सोडली, तर कोळंबी ही नांगी बऱ्याचदा आपल्याच जातवाल्यांना दम द्यायला वापरते. समोरासमोर यायचं, थोडं अंतर ठेवून एकमेकींवर धार सोडायची, सहसा इजा कुणालाच नाही. फुटाळा तलावावर दोन बुलेटी भेटल्या की हेच. दहा मिनिटं फाट-फाट चालते, मग दोघंही एकाच टपरीवर तर्री-पोहे खातात.

काही जातींच्या कोळंबीला नीट दिसत नाही. ती बीळ खणते आणि गोबी मासा दारात पहारा देतो. कोळंबीची मिशी त्याच्या अंगाला टेकलेली. माशानं शेपूट हलवलं की दोघं आत. भाऊंच्या मागच्या सीटवरचा मित्रही याच नोकरीत. पांढरा शर्ट दिसला की पाठीत बोट: "भाऊ, मामा!" बुलेट लगेच शहाण्या पोरासारखी फुरफुर करत गल्लीत वळते.

एका बाबतीत मात्र कोळंबी पुढं आहे. तिच्या डोळ्यांवर पारदर्शक कवच असतं आणि ते स्वतःच्याच धमाक्यांपासून मेंदूचं रक्षण करतं, असं २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. थोडक्यात, ती हेल्मेट घालते. भाऊ घालत नाहीत, केस बसतात.

शेवटी गोबीची नजर चुकलीच. आवाजाच्या नियमभंगाला पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे, हे वडिलांना चौकीत कळलं. "काऊन बे, यासाठी शिकवून राहिलो का तुले?" एवढंच ते बोलले, पण भाऊंना पहिल्यांदाच आवाज मोठा वाटला. बदललेला सायलेन्सर गेला, कंपनीचा परत बसला.

कोळंबीची मोठी नांगी तुटली, तर दुसऱ्या बाजूची लहान नांगी कात टाकता टाकता मोठी होते आणि तुटलेल्या जागी लहान उगवते. भाऊंची गाडी महिनाभर मागून गप्प होती. आता पुढं हॅन्डलशी प्रेशर हॉर्न आला आहे.