हाय हाय! पुन्हा एकदा लाव

शिव शिव शिव! ऐकलंत का? चांगली चकाचक जॅग्वार, आणि तिच्या टपावर बुलडोझर चढवला! काच तडतडली, टप पोटात गेला, दिव्यांचे डोळे बाहेर आले. आणि हे केलं कोणी? दंगलीतल्या जमावाने? घर सोडून निघालेल्या बायकोने? छे हो, सरकारने! खुद्द राष्ट्राध्यक्ष हजर, कॅमेरे रोखलेले, आणि भरदिवसा ही कत्तल. कुठे फेडतील हे पाप? बरं, तो फोन जरा इकडे करा. मघाशी मधे कोणाचं तरी डोकं आलं होतं.

भिवंडीत धामणकर नाक्यापासून अंजूरफाट्यापर्यंत कुठल्याही टपरीवर थांबा. कटिंग हातात येईपर्यंत कोणीतरी हा व्हिडिओ तुमच्या नाकासमोर धरतोच. प्रकार जुना आहे, पण शिळ्या कढीला ऊत आणण्यात आपला हात कोण धरणार? ठिकाण फिलिपाइन्स, तारीख ६ फेब्रुवारी २०१८, निमित्त तिथल्या सीमाशुल्क खात्याचा ११६ वा वर्धापनदिन. आपल्याकडे वर्धापनदिनाला काय होतं? सत्यनारायण, शाल-श्रीफळ, फार तर ऑर्केस्ट्रा. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते यांनी चोरट्या मार्गाने आलेल्या ३० गाड्यांचा मनिला आणि आणखी दोन शहरांत चेंदामेंदा करवला. ती जॅग्वार, लेक्सस, मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, ऑडी, वर तोंडी लावायला एक कॉर्व्हेट. किंमत ६ कोटी १६ लाख पेसो. आपल्या रुपयांत तेव्हाचे साडेसात कोटींच्या पुढे!

तेवढ्यावर भागलं म्हणता? वाघाच्या तोंडाला रक्त लागलं होतं. त्याच वर्षीच्या जुलैत देशाच्या उत्तर टोकाला, कागायान प्रांतातल्या बंदरावर, एका बैठकीत ६८ गाड्या आणि ८ मोटारसायकली लोळवल्या. त्यात लॅम्बोर्गिनी होती, पोर्शे होती. सुमारे ५५ लाख डॉलरचा माल! अहो, लग्नाच्या पंगतीत सुद्धा इतकं वाया जात नाही.

दुसऱ्या कोणत्या गावाने हे सहन केलं तर करो, भिवंडीने कसं करावं? या गावाचा धर्म काय? टाकायचं काही नाही. यंत्रमागाखालची चिंधी विकली जाते, गोदामातले पुठ्ठे विकले जातात, प्लास्टिकचा दाणा होतो, जळालेल्या मोटारीचं तांबं निघतं. अशा गावाला तुम्ही अख्खी मर्सिडीज सपाट करून दाखवता? आमच्या ओळखीचे एक भंगारवाले चाचा आहेत. त्यांनी व्हिडिओ पाहिला आणि मटकन खुर्चीत बसले. "बेटा, पत्रा जाऊ दे, सीटं जाऊ देत, पण त्यांनी सायलेन्सर सुद्धा उतरवला नाही रे!" चाचांचं दुःख तुम्हाआम्हाला काय कळणार? सायलेन्सरच्या नळीत जो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम. धंद्यात हिला 'माती' म्हणतात, आणि तिच्यापायी आपल्याकडे चोर रात्री उभ्या मारुती इको गाड्यांखाली सरपटत शिरतात आणि सायलेन्सर कापून नेतात. तिथे तीस-तीस गाड्यांची माती मातीत घातली. बाई गेल्याचं दुःख नाही, दागिन्यांसकट जाळली याचं आहे. चाचांनी डोळे पुसले. मग म्हणाले, "वो लाल वाली फिरसे दिखा."

आणि चाचाच कशाला? गोदामाचे मॅनेजर सकाळी सगळ्यांना राष्ट्रीय संपत्तीच्या नासाडीवर भाषण देतात आणि दुपारच्या डब्यात भाजीपेक्षा जास्त लक्ष त्या पोर्शेकडे. शेजारच्या काकूंनी "अरे, गरिबाला तरी द्यायच्या होत्या!" म्हणून हळहळ व्यक्त केली. (कुठल्या गरिबाला लॅम्बोर्गिनीचं पेट्रोल परवडतं, ते काकूंना विचारू नका.) रात्री अकरा वाजता त्यांच्या खोलीतून काच फुटल्याचा आवाज, पाठोपाठ हसण्याचा. आणि तुम्ही? खरं सांगा, एकदाच पाहिलात? आवाज बंद करून पाहिलात म्हणजे पाहिला नाही, असं नसतं हो.

यात गुदगुल्या कशाने होतात, हे काय सांगायला हवं? रांजणोलीच्या गर्दीत आपण अर्धा तास कंटेनरच्या बुडाशी अडकलेलो, आणि बाजूने काळ्या काचांची गाडी हॉर्न मारत उलट्या बाजूने पुढे जाते. त्या क्षणी मनातल्या मनात आपण सगळेच दुतेर्ते नसतो का? खरं तर फिलिपाइन्सवाल्यांनी बुलडोझरचं भाडं उगाच भरलं. त्या गाड्या भिवंडी-वाडा रस्त्यावरून पावसाळ्यात एक फेरी मारून आणल्या असत्या, तरी काम झालं असतं.

पण त्या सरकारचंही एक म्हणणं होतं, आणि ते अगदीच वेडेपणाचं नव्हतं. आधी पकडलेल्या गाड्यांचा लिलाव व्हायचा. बोली लावायला कोण यायचं? ज्याची गाडी पकडली तोच, किंवा त्याचा मेहुणा! चोरून आणलेली गाडी लिलावात घेतली की कागदपत्रं गंगेत न्हाऊन मोकळी. सरकारच धुऊन देतंय म्हटल्यावर चोराला काय हवं? म्हणून लिलाव बंद, बुलडोझर सुरू.

आपल्याकडे मात्र मामला सभ्य आहे. सीमाशुल्क कायदा १९६२ चा, त्याचं कलम १२५ मोठं मायाळू. जप्त झालेला माल दंड भरून सोडवून नेण्याची सोय. २०२१ मध्ये 'ऑपरेशन मॉन्टे कार्लो'त परदेशी राजनैतिक अधिकाऱ्यांच्या नावावर शुल्क चुकवून आणलेल्या आलिशान गाड्या सापडल्या. २०२५ च्या सप्टेंबरात केरळात 'ऑपरेशन नुमखोर' झालं, भूतानमधून आलेल्या गाड्यांसाठी सिनेनटांच्या घरी झडत्या झाल्या. झडती, पंचनामा, बातम्या, सगळं झालं. पण एकीवरही रोलर नाही! असल्या कारवाईत प्रेक्षकांचा विचार कोणी करतं का?

तरी आपण अगदीच उपाशी नाही. आपल्याकडे बुलेटचे फटाका सायलेन्सर आहेत की! पुण्यात, नागपुरात पोलिसांनी ते जप्त करून रस्त्यावर ओळीने मांडले आणि वरून रोड रोलर फिरवला. अधिकारी कडेला उभे, फोटोग्राफर पुढे, आणि रोलरचालकाच्या चेहऱ्यावर आयुष्यात पहिल्यांदा नायकाचा भाव. लॅम्बोर्गिनी नाही, निदान लॅम्बोर्गिनीसारखा ओरडणारा पाइप तरी. गाडीत असे फेरफार केले तर मोटार वाहन कायद्यात दर फेरफाराला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. पण दंडाच्या पावतीचा व्हिडिओ कोण पाहणार?

हे वेड आपल्यापुरतंच आहे असंही समजू नका. लिथुआनियात विल्नियसच्या महापौरांनी २०११ मध्ये सायकलमार्गात उभ्या मर्सिडीजवरून चक्क चिलखती गाडी चालवली. ते सगळं ठरवून चित्रित केलेलं होतं, तरी त्यांना त्या वर्षीचं शांततेचं इग नोबेल मिळालं! न्यूयॉर्कच्या महापौरांनी २०२२ मध्ये जप्त केलेल्या दुचाकींवर बुलडोझर फिरवला. म्हणजे महापौर झालं की आधी नालेसफाई, मग बुलडोझर, असा क्रमच दिसतोय.

आता कोणीतरी नाकावर चष्मा चढवून विचारणार: यामुळे फिलिपाइन्समधली तस्करी थांबली का? घ्या उत्तर. २०१८ मध्ये पुन्हापुन्हा चुरा करून झाला, जगभर वाजतगाजत. आणि जून २०२१ मध्ये त्याच देशाच्या त्याच खात्याने पुन्हा २१ गाड्या चिरडल्या. त्यात मॅक्लारेन ६२०आर होती, बेंटली होती. जरब बसली म्हणता, मग या कुठून उगवल्या?

तर ही मॅक्लारेन. तिचा व्हिडिओ आमच्या ग्रुपवर आला, पण अर्धवट. खोरं टपाला लागतं न लागतं तोच संपतो. कोणाकडे पूर्ण असेल तर पाठवा. चाचा रोज विचारतात.