श्रीमान कुंपणराव यांस अनावृत पत्र

प्रति,
श्रीमान कुंपणराव,
मुक्काम कागदावर, तालुका कवठे महांकाळ, जिल्हा सांगली.

विषय : दीर्घ गैरहजेरी संपवून कामावर रुजू होणेबाबत.

महोदय,

मराठी भाषेने आपली फार बदनामी केली आहे. कुंपणच शेत खातं, असं ती पिढ्यानपिढ्या सांगत आली आणि सरड्याची धाव मोजायलाही तिने आपल्यालाच उभं केलं. आमच्या तालुक्यात आपल्यावर हा आळ घेता येत नाही, कारण शेत खायला आधी हजर असावं लागतं. तरी आपण कामचुकार आहात असं म्हणवत नाही. द्राक्षबागेत आपली आणि आपल्या गोतावळ्याची चाकरी चोख असते. बागेला काटेरी तार असते, पाखरांनी मणी टोचू नयेत म्हणून वर जाळी असते, उन्हाने माल खराब होऊ नये म्हणून घडांना कागद गुंडाळला जातो. निर्यातीच्या बागेची तर रीतसर नोंदणी होते, नमुने प्रयोगशाळेत जातात आणि युरोपातल्या कुणा लेकराच्या तोंडात पडणाऱ्या मण्यावर फवारणीचा किती अंश उरला, हे किलोमागे मिलिग्रॅमच्या हिशेबाने तपासलं जातं. ते तपासलंच पाहिजे. पण त्याच फवारणीची अख्खी बाटली बागायतदाराच्या स्वतःच्या नातवाला खिडकीत, हात पुरेल अशा जागी मिळते. परक्या पोराचं अंशापासूनही रक्षण आणि घरच्याचं बाटलीपासूनही नाही, हे आपल्या खात्याचं धोरण असेल तर तसं लेखी कळवावं.

बाग ओलांडून पुढे गेलं की शेततळं येतं आणि तिथे आपली खुर्ची रिकामी दिसते. हा तालुका पर्जन्यछायेतला. अग्रणी नदी वर्षाचा बराच काळ कोरडी, बोअर शेकडो फूट खाली गेलेले. म्हणून म्हैसाळ योजनेचं कृष्णेचं पाणी आलं की ते साठवायला तळं हवंच. त्याबद्दल तक्रार नाही. २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना निघाली, ५० हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळू लागलं आणि ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद, ३ मीटर खोल हा आकार गावोगाव पाठ झाला. ३ मीटर म्हणजे जवळजवळ १० फूट. पाणी मुरू नये म्हणून त्यात प्लास्टिकचा कागद अंथरतात, आणि खरा घात होतो तो तिथे. विहिरीला पायऱ्या असतात, दगडाच्या कपारी असतात, बुडणाऱ्याच्या हाताला काहीतरी लागतं. तळ्याच्या उतारावरचा ओला, शेवाळलेला कागद हाताला काहीच देत नाही. पोहता येणारा माणूसही काठाशी येतो आणि पुन्हा पुन्हा घसरून आत जातो. म्हणूनच या बातम्यांमध्ये अनेकदा एकाऐवजी दोन नावं असतात: आत पडलेलं मूल आणि त्याला काढायला उतरलेला भाऊ, बहीण किंवा आई. आता हंगामही पाहा. नदी-ओढ्यांत पाणी नसतं, उन्हाचा तडाखा असतो, शाळेला सुट्टी असते, घरची मोठी माणसं कामावर असतात आणि आसपास पाणी उरलेलं असतं ते फक्त या तळ्यात. एप्रिल-मे महिन्यात खेड्यातल्या पोराने कुठे जावं, हे आपण सोडून बाकी सगळ्यांनी ठरवून ठेवलेलं आहे.

असं काही घडलं की पोलिसांच्या दप्तरी अकस्मात मृत्यूची नोंद होते आणि गावच्या दप्तरी सटवाईची. पाचवीला कपाळावर लिहिलं ते टळत नाही, असं म्हणत माणसं सांत्वन करतात. दुःखातल्या घराला त्याचा आधार वाटत असेल तर त्या क्षणी वाद घालू नये. पण तेरावं झाल्यावर तरी विचारायला हवं की, सटवाईचं लेखन इतकं वेळापत्रकाला धरून कसं? रांगतं मूल घरातल्या हौदात किंवा बादलीत, पाच-सहा वर्षांचं खेळता खेळता काठावरून, बारा-चौदा वर्षांचं पोहायला म्हणून. वयागणिक जागा ठरलेली, महिने ठरलेले, दिवसाचा प्रहरही बहुतेक ठरलेला. सटवाई म्हैसाळचं आवर्तन कधी सुटतं याची चौकशी करून लिहीत नसावी. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००८ साली मुलांच्या दुखापतींवर मोठा अहवाल काढला. जगात दररोज दोन हजारांहून अधिक मुलं अशा टाळता येण्याजोग्या दुखापतींनी मरतात, असा त्यातला हिशेब होता. त्याच्याही कितीतरी आधी विल्यम हॅडन नावाच्या अमेरिकन डॉक्टराने दुखापतीकडे रोगासारखं पाहायला शिकवलं होतं. उष्णता, वेग किंवा उंची यांचा जोर शरीर सोसू शकत नाही तेव्हा दुखापत होते. म्हणून माणसाच्या स्वभावाला दोष देत बसण्यापेक्षा तो जोर आणि ते शरीर यांच्या मधे काहीतरी आडवं घालावं, असं त्याचं सांगणं. त्या आडव्या घालायच्या वस्तूचं मराठी नाव कुंपण. म्हणून हे पत्र देवीला न लिहिता आपल्याला लिहीत आहे.

आपल्या गैरहजेरीत आपल्या जागेवर आईची नेमणूक झाली आहे, हे आपल्या कानावर आलं असेल. ‘आईचं लक्ष कुठं होतं?’ हा प्रश्न अपघातानंतर इतक्या तत्परतेने येतो की रुग्णवाहिकेने त्याच्याकडून काही शिकावं. त्या आईचं लक्ष घड तोडण्यावर होतं, बेदाण्याच्या शेडवर होतं, चुलीवर होतं, धाकट्याच्या तापावर होतं. बुडणारं लहान मूल हाका मारत नाही. पाण्याखाली आवाज होत नाही आणि दोन-चार मिनिटांत सगळं संपतं. चोवीस तास डोळ्यांची पापणी न लववता राखण करणं कुणाही माणसाला जमत नाही, आपल्याला जमतं. लोखंडाला झोप नसते. न्यूयॉर्कमध्ये १९७० च्या सुमारास उंच इमारतींच्या खिडक्यांतून लहान मुलं पडून मरत होती. तिथल्या आरोग्य खात्याने १९७२ पासून घरोघर जाऊन माहिती दिली आणि खिडक्यांना फुकट गज बसवून दिले. पडणाऱ्या मुलांची संख्या झपाट्याने घटली. मग १९७६ मध्ये नियम झाला की, ज्या भाड्याच्या घरात दहा किंवा त्याहून कमी वयाचं मूल आहे, तिथे घरमालकाने गज बसवायचेच. त्या नियमाने आयांना काही शिकवलं नाही. जबाबदारी मालमत्तेच्या धन्यावर टाकली. आमच्याकडे तळ्याचा सातबारा बापाच्या नावावर आणि तळ्यावरचं लक्ष आईच्या नावावर, अशी वाटणी आहे.

आपला गोतावळाही असाच रजेवर आहे. झाकणराव हौदावर नसतात, कठडाबाई गच्चीवर नसतात, कडी दाराला असते पण मुलाच्या उंचीवर. सगळ्यांत मोठा बेपत्ता सदस्य म्हणजे कुलूप. द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला लावायचं हायड्रोजन सायनामाईड, मग डाऊनी-भुरी या रोगांची, किडींची एकामागून एक औषधं. त्यातलं उरलेलं शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत ओतून ठेवायची पद्धत आहे. तहानलेल्या पोराने ती बाटली ओळखीची म्हणून तोंडाला लावली, तर त्याने जाहिरात नीट पाहिली एवढाच त्याचा दोष. अमेरिकेने १९७० मध्ये कायदाच केला की, औषधं आणि विषारी वस्तू मुलाला सहज उघडता येणार नाहीत अशा टोपणाच्या बाटलीतच विकायच्या. त्यानंतर गोळ्या खाऊन दगावणाऱ्या चिमुरड्यांची संख्या खूप खाली आली. दाबून फिरवायचं एक टोपण, बाकी काही नाही. आमच्या घरी तेवढ्यासाठी पत्र्याची एक पेटी आणि दहा-वीस रुपयांचं कुलूप पुरेल, ‘मूळ बाटलीतून दुसऱ्या बाटलीत ओतायचं नाही’ हा एक नियम पुरेल. न्हाणीघरातही बादलीत आधी गार पाणी आणि मग कढत, एवढा क्रम बदलला तरी कितीतरी पाठी-पोटं वाचतील. दुचाकीवर पुढे टाकीवर बसवलेल्या पोराबद्दल तर बोलायलाच नको. चार वर्षांखालच्या मुलाला पट्टा, हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा हा केंद्राचा नियम २०२३ पासून लागू आहे, हे रत्नागिरी-नागपूर महामार्गाला अजून कुणी सांगितलेलं दिसत नाही.

आपण म्हणाल, मला नेमणुकीचा हुकूम कुठे आहे? आहे. २००६ साली हरियाणात कुरुक्षेत्राजवळ प्रिन्स नावाचा पाच वर्षांचा मुलगा उघड्या बोअरमध्ये पडला आणि साऱ्या देशाने दोन दिवस दूरचित्रवाणीसमोर बसून त्याची सुटका पाहिली. पुढे असे अपघात होतच राहिले, तेव्हा ११ फेब्रुवारी २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्देश दिले: बोअर मारण्याआधी १५ दिवस लेखी कळवा, जागेवर फलक लावा, भोवती काटेरी तारेचं कुंपण घाला, केसिंगभोवती सिमेंटचा ओटा करा, तोंड पोलादी पत्र्याने बंद करा आणि सोडून दिलेलं बोअर तळापासून भरून काढा. ग्रामीण भागात देखरेखीसाठी सरपंच आणि कृषी खात्याचा अधिकारी यांची नावंही आली. महोदय, देशाच्या सर्वोच्च न्यायासनाने ज्याचं नाव घेऊन नेमणूक केली असा कर्मचारी या देशात विरळा. तरीही पाणी न लागलेल्या बोअरच्या तोंडावर आमच्याकडे आपल्याऐवजी एक गोणपाट आणि त्यावर एक दगड हजर असतो.

आता आपल्या विरोधकांचे अर्ज. पहिला: ‘आम्ही नाही का वाढलो? विहिरीत उड्या मारल्या, झाडांवर चढलो, काही झालं नाही.’ ज्यांना झालं ते पारावर साक्ष द्यायला येत नाहीत, एवढं उत्तर खरं तर पुरे. पण या अर्जात थोडं तथ्य आहे, ते नाकारू नये. मुलांनी चढावं, पडावं, गुडघे फोडून घ्यावेत. त्यांना कोंडून वाढवणं हा आणखी एक अपघातच. म्हणूनच आपल्याला मुलाभोवती उभं राहायचं नाही, तळ्याभोवती राहायचं आहे. शिवाय जुन्या विहिरीवर सकाळ-संध्याकाळ माणसांचा राबता असायचा, पाठीला डबा बांधून चुलता पोहायला शिकवायचा. माळावरच्या तळ्याशी दिवसभर कुणी नसतं. दुसरा अर्ज: ‘कुंपणापेक्षा पोहायला शिकवा.’ जरूर शिकवा. बांगलादेशात यावर मोठा अभ्यास झाला. चार वर्षांवरच्या मुलांना पोहायला आणि स्वतःला वाचवायला शिकवलं, त्या गटात बुडून मरण्याचं प्रमाण ९० टक्क्यांहून जास्त घटलं. त्याहून लहान मुलांना आया कामात असतात त्या सकाळच्या वेळी पाळणाघरात ठेवलं, तिथे ते ८० टक्क्यांहून जास्त घटलं. म्हणजे चार वर्षांखालच्यांना वाचवलं ते पोहण्याने नव्हे, तर पोर आणि पाणी यांच्या मधे कुणीतरी आडवं आल्याने. आमच्या अंगणवाडीत तीन वर्षांच्या पुढचं मूल बसतं; चालायला लागून तीन वर्षांचं होईपर्यंतचं पोर बांधावरच्या झोळीतून उतरलं की कुणाच्याच पटावर नसतं. बाहेरून छाटणीला आलेल्या मजुराचं पोर तर गावाच्या हिशेबातही नसतं. आणि पोहणाऱ्यालाही कागदावरून वर यायला चारही बाजूंना गाठी मारलेले दोर आणि टायर सोडलेले हवेतच.

तिसरा अर्ज पैशाचा, आणि तो मला सगळ्यांत कमी पटतो. ३० बाय ३० च्या तळ्याचा काठ १२० मीटर. खुदाई, कागद, मोटार, पाइप, ठिबक एवढं सगळं बसवणाऱ्या माणसाला १२० मीटर जाळी आणि एक फाटक परवडत नाही, हे गणित बेदाण्याच्या सौद्यात कुणी मान्य करणार नाही. ज्याला खरोखर परवडत नाही त्याच्यासाठी अनुदान आहे, ते याच तळ्यासाठी दिलेलं आहे. पुढे मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेत ते ७५ हजारांपर्यंत गेलं. सरकारने तेवढंच करावं: तळ्याच्या फोटोत जाळी, कुलूपबंद फाटक आणि चार दोर दिसल्याशिवाय अनुदानाचा रुपया सोडू नये, आधी झालेल्या तळ्यांसाठी ग्रामसभेने मुदत घालावी आणि उघड्या तळ्यांची यादी पंचायतीच्या फळ्यावर मालकाच्या नावासह लावावी. फळ्यावर नाव आलं की आमच्याकडे बऱ्याच गोष्टी परवडू लागतात.

तरी शाळांना सुट्टी लागण्यापूर्वी, आपल्या समस्त नातलगांसह, आपण तालुक्यात रुजू व्हावे. प्रवासभत्ता मिळणार नाही. जाळी आणि खांब तालुक्याच्या बाजारातच मिळतात.

कळावे,
आपल्या वाटेकडे डोळे लावून बसलेला
एक नागरिक

प्रत माहितीस्तव : सरपंच, कृषी सहायक आणि प्रत्येक तळ्याचा सातबारा ज्याच्या नावावर आहे तो.