कोण जिंकणार?

देवळाली प्रवरात घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करणाऱ्या पोरांतला हा एक खास प्रकार. दोन गोष्टी शेजारी दिसल्या की एकत्र केल्याशिवाय याला घास उतरत नाही. माझा भाचा त्यातलाच. किराणाच्या दोन चिठ्ठ्या असोत की उसाच्या दोन पावत्या, पालुपद ठरलेलं: "मामा, मर्ज करू. पण आधी सांगा, कोण जिंकणार?"

म्हणजे काय, तर एका चिठ्ठीत साखर दोन किलो आणि दुसरीत पाच, तर धरायची कुठली? त्याची आई म्हणते, "अरे, साखर आण. निवडणूक नको."

भाचीचं लग्न ठरलं. नानांची एक यादी, त्यांच्या बहिणीची, म्हणजे आत्याबाईंची एक. गाव, गावाखाली घर, घराखाली माणसं. पठ्ठ्यानं दोन्ही पायथनमध्ये डिक्शनऱ्या करून चढवल्या, अपडेट मारलं आणि चहाला उठला. छापून बघतो तर टाकळीमिया आहे, श्रीरामपूर आहे, राहुरीही आहे. पण राहुरीत नुसती आत्याबाईंची माणसं. नानांची अख्खी सासुरवाडी गायब!

"वरवरचं मर्ज झालं," तो शांतपणे म्हणाला. "अपडेट गावाचं नाव बघतं, आत शिरत नाही. शेवटी येणारा जिंकतो."

"आमच्यात शेवटी येणाऱ्याला गार भात मिळतो," नाना म्हणाले.

2020 साली पायथन 3.9 मध्ये नुसत्या उभ्या रेघेनं दोन डिक्शनऱ्या जोडायची सोय आली, पण तीही आत शिरत नाही, हे त्यानं नानांना समजावलं. नानांना रेघेपेक्षा मेव्हण्यांची काळजी होती.

रात्री त्यानं खोल जाणारं फंक्शन लिहिलं. दोन्हीकडे तेच नाव आणि दोन्हींच्या पोटात पुन्हा डिक्शनरी, तर फंक्शननं स्वतःलाच पुन्हा बोलवायचं. मग नवा पेच: घरातल्या माणसांच्या याद्या एकापुढे एक जोडायच्या की बदलायच्या? "जावास्क्रिप्टमधलं लोडॅश क्रमानं बसवतं, पहिल्यावर पहिला," म्हणाला. म्हणजे नानांच्या मेव्हण्यांच्या जागी आत्याबाईंची नणंद! आत्याबाईंनी हातच जोडले. शेवटी एकापुढे एक जोडायचं ठरलं आणि राहुरी फॅक्टरीच्या जावईबापूंना दोन पत्रिका गेल्या. मान दुप्पट झाला म्हणून ते खूश आहेत.

एक मात्र कबूल करायला हवं. 'कोणाचं धरायचं' यावरून त्या रात्री नाना आणि आत्याबाई जेवढं बोलले, तेवढं ही भावंडं कैक वर्षांत बोलली नव्हती.

तुमच्याही भावकीत असा एक असेलच. याद्या बिनघोर त्याच्याकडे द्या, फक्त पत्रिका टाकण्याआधी सासुरवाडी शाबूत आहे का तेवढं बघा.