आशेच्या मानेचा कोन

तैलरंग शिकायचे तर आधी एखादं जुनं चित्र उतरवून काढा, असं जाणकार सांगतात. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात 1793 पासून नक्कल करणाऱ्यांना ईझल लावू देतात. मात्र नक्कल मूळ चित्राच्या मापाची नको आणि तिच्यावर मूळ चित्रकाराची सही नको. उद्या कुणी फसायला नको, म्हणून ही खबरदारी. माझ्या नकलेपासून जगाला तसला धोका नाही.

मी निवडलं वॉट्स या इंग्लिश चित्रकाराचं 1886 मधलं ‘होप’, म्हणजे आशा. पृथ्वीच्या गोलावर बसलेली एक तरुणी. हातात लायर नावाचं तंतुवाद्य, त्याच्या सगळ्या तारा तुटलेल्या, एक तेवढी शाबूत. निवडीमागे कलादृष्टी वगैरे नव्हती. तिच्या डोळ्यांवर पट्टी आहे, म्हणजे डोळे काढायची भानगड नाही, एवढाच हिशेब. पण डोळ्यांतून सुटलो तो बोटांत अडकलो.

प्रतीकवादी चित्रात म्हणे प्रत्येक वस्तूला अर्थ असतो. ब्रशला त्याचं सोयरसुतक नसतं. त्याचे प्रश्न कारकुनी: सावली निळी की हिरवट? पट्टीची कड कपाळाशी ठळक की पुसट? आधी बर्न्ट अंबर हा तपकिरी रंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून खालचा थर द्यायचा, मग थरागणिक जवसाचं तेल वाढवत न्यायचं. उलट केलं तर वरचा थर आधी सुकतो आणि पुढे तडे जातात. अंबर लवकर सुकतो. पांढरा मात्र कोपराला, कपाला, दाराच्या कडीला लागत राहतो.

अर्थाची बाजू घरी येणारे-जाणारे सांभाळतात. शेजारच्या काकूंनी विचारलं, “आंधळी कोशिंबीर खेळतेय का ही?” आत्या म्हणाली, “मान अशी ठेवली तर स्पाँडिलायटिस ठरलेला.” मामांना तुटक्या तारा बघवेनात. “दुकानात दिलं तर तासाभरात नव्या बसवून देतात,” म्हणाले. ही आशा आहे, असं सांगितल्यावर काकू म्हणाल्या, “कुठली? जोश्यांची?”

त्यांना हसण्यात अर्थ नाही. हे चित्र पहिल्यांदा पाहणाऱ्याला त्याचं नाव ‘निराशा’ असेल असंच वाटेल, असं इंग्लिश लेखक चेस्टरटननं 1904 मध्ये वॉट्सवरच्या पुस्तकात म्हटलं होतं. आपली आशा वेगळी. सावंतवाडीचे चित्रकार हळदणकर यांच्या ‘ग्लो ऑफ होप’मधली ती बाई हातात दिवा घेऊन उभी आहे. ज्योतीचा उजेड बोटांतून झिरपतो, चेहऱ्यावर पसरतो. ते चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे आणि तेही जलरंगात, जिथे गेलेला हात परत घेता येत नाही. आत्याचं मत त्यालाच: “निदान उजेड तरी आहे.”

वॉट्सच्या आशेकडे दिवा नाही. मग तिला निराशा का म्हणायचं नाही? उत्तर मानेपाशी सापडलं. मान जराशी सैल काढली की बाई पेंगते. कान वाद्यापासून थोडा दूर गेला की दमून टेकलेली दिसते. कान तारेच्या अगदी जवळ आणला, की ती ऐकायला लागते. चित्रातली सगळी आशा त्या इवल्याशा अंतरात आहे. नुसतं बघून ते मला दिसलं नसतं. खोडून पुन्हा काढावं लागतं, तेव्हा दिसतं.

सध्या ती तार काढणं चालू आहे. लांब केसांचा बारीक ब्रश, पातळ केलेला रंग आणि रोखून धरलेला श्वास. तार वाकडी गेली की फडक्यानं पुसायची. तैलरंग सुकत नाही म्हणून मी इतके दिवस कुरकुरत होतो. पण पुसायची मुभा मिळते ती त्याच्या या आळसामुळेच.

मामा अजून नव्या तारांचा आग्रह सोडत नाहीत. त्यांना म्हटलं, ही एक नीट येऊ द्या, बाकीच्यांचं मग बघू.