बाकीचे शिंपले

आमच्या घरात मोठे प्रश्न दिवा मालवल्यावर येतात. दिवसाउजेडी कन्येला माझ्याकडून कात्री, सेलोटेप आणि गाडीची पुढची सीट एवढंच हवं असतं. रात्री मात्र मी पाठ टेकली, एसीची घरघर लयीत आली, की अंधारातून आवाज येतो, "बाबा, आपण जन्मलोच नसतो तर ते आपल्याला कळलं असतं का?"

मी क्वांटिटी सर्व्हेअर आहे. दोहात अकरा वर्षं दुसऱ्यांच्या इमारतींतलं काँक्रीट, सळया आणि रंग मोजत आलो. माझ्या जगात प्रत्येक गोष्टीला एकक असतं. माती घनमीटरमध्ये, लोखंड टनात, पाइप रनिंग मीटरमध्ये आणि काहीच जमेना तर 'नग एक'. 'आपण जन्मलोच नसतो तर' हा प्रश्न मला कुठल्याच रकान्यात बसवता येत नाही. मग मी जगातल्या तमाम बापांचं उत्तर देतो. "झोप आता."

या उत्तराला मोठी परंपरा आहे, हे मला मागाहून आठवलं. कठोपनिषदातला नचिकेताचा बाप यज्ञात गाई वाटत होता, त्याही म्हाताऱ्या, भाकड. पोरगं जवळ येऊन विचारतं, मला कोणाला देणार? एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्यांदा बाप तडकला आणि म्हणाला, तुला मृत्यूला दिलं! आपल्याकडच्या वैतागलेल्या पालकांचा हा बहुधा आद्यपुरुष. पुढे यमाचीही तीच गत. पोराने मेल्यानंतरचं विचारताच त्याने हत्ती, घोडे, सोनं, हवं तेवढं आयुष्य असं सगळं देऊ केलं, फक्त हे विचारू नकोस म्हणाला. आम्ही आइस्क्रीमवर भागवतो. गार्गीने विचारता विचारता मर्यादा ओलांडली तेव्हा तर याज्ञवल्क्यांनी तिला बजावलं होतं, फार खोलात शिरशील तर डोकं गळून पडेल. एवढा मोठा ऋषी जिथे हात टेकतो, तिथे रात्री साडेदहाला माझ्याकडून काय अपेक्षा ठेवायची?

पण शिंपल्यांचा प्रश्न दिवसा आला. तिथे दिवा मालवायची सोय नव्हती.

सुरुवात झाली कतारच्या राष्ट्रीय संग्रहालयात. वाळवंटात सापडणाऱ्या 'डेझर्ट रोझ' खड्यासारखी ती इमारत 2019 मध्ये उघडली. आत बडोद्याचा मोत्यांचा गालिचा आहे. खंडेराव गायकवाडांनी 1865च्या सुमारास तो करवून घेतला. त्यावर मोती किती, तर 15 लाखांच्या आसपास, असं सांगतात. मदिनेला पैगंबरांच्या समाधीवर अर्पण करायचा असा महाराजांचा बेत होता म्हणे. पण 1870 मध्ये ते वारले आणि गालिचा बडोद्यातच राहिला. पुढे बरेच हात फिरून 2009 मध्ये इथे दोहातच त्याचा लिलाव झाला. ज्या आखाताच्या तळातून असले मोती निघायचे, तिथेच तो परत आला. मराठी संस्थानिकाची वस्तू परमुलखात पाहून माझा ऊर भरून आला होता. कन्येने काचेला नाक लावलं आणि विचारलं, "यावर कोणी कधी बसलंच नाही?"

"नाही."

"मग हा गालिचा कशाला आहे?"

मी तिला घाईघाईने पाणबुड्यांच्या दालनाकडे वळवलं. पायाला दगड बांधून ते तळाशी जात, नाकाला चिमटा लावत, दम संपला की वरचा माणूस दोरीने ओढून घेई. असे शेकड्यांनी शिंपले उघडायचे, तेव्हा एखादा बरा मोती हाती लागे. तो मुंबईच्या बाजारात जाई आणि आपल्याकडे 'बसरा' नावाने नथीत बसे. तुझ्या आजीच्या नथीतला मोतीसुद्धा याच समुद्रातला असणार, असं मी सांगितलं. वाटलं, विषय गोड झाला. ती म्हणाली, "आणि बाकीचे शिंपले?"

पुढच्या शुक्रवारी आम्ही समैस्माला गेलो. दोहाच्या उत्तरेला, अल खोरच्या वाटेवरचं हे जुनं गाव. मासेमारीचं आणि एके काळी मोत्यांचंही. किनारा कुटुंबांसाठी राखीव, त्यामुळे थंडीत शुक्रवारी दुपारनंतर अर्धा भारत, पाव फिलिपिन्स आणि उरलेलं जग तिथे चटया पसरून बसलेलं असतं. याच किनाऱ्यावर आता 20 अब्ज रियालचा पर्यटन प्रकल्प येतोय, 2024 मध्ये जाहीर झाला. हॉटेलं, थीम पार्क, सगळं. 7 किलोमीटर किनारा म्हटल्यावर माझ्या डोक्यात भरावाचे घनमीटर आपोआप सुरू होतात. हा रोग आहे.

ओहोटी होती. इथलं पाणी इतकं उथळ की ओहोटीला समुद्र रुसल्यासारखा लांब जाऊन बसतो आणि मागे उरते ओली, नागमोडी रेघांची वाळू. मी डबा उघडला. थालीपिठं, दही, लसणीची चटणी. कन्या दूरवर उकिडवी बसली होती. बऱ्याच वेळाने आली. गुडघा खरचटलेला, मुठीत शिंपला. बाहेरून खडबडीत, मळकट, एका कडेला शेवाळ. तिने तो उलटा केला तशी आतून चमक आली. गुलाबी की हिरवी, धड सांगता येईना. जरा कलवला की रंग सरकायचा. मधोमध एक डाग, जिथे आतल्या जिवाचा स्नायू धरून होता तिथला. मोती अर्थातच नाही.

"हा रिकामा होता," ती म्हणाली. "मग हा कशाला होता?"

मी ज्ञान काढलं. म्हटलं, अगं, शिंपला मोत्यासाठी नसतोच. मोती म्हणजे त्याचं दुखणं. आत एखादा परजीवी शिरतो किंवा काही इजा होते, मग तो त्यावर थरावर थर चढवत बसतो. मोती नसलेला शिंपला म्हणजे धडधाकट शिंपला. मला स्वतःलाच हे इतकं आवडलं की मी जपानी लोकांनी शिंपल्यांना मुद्दाम दुखणं कसं दिलं, त्या कल्चर मोत्यांनी 1930च्या दशकात इथला धंदा कसा बसवला आणि तेल निर्यातीला लागेपर्यंत, म्हणजे थेट 1949पर्यंत, इथल्या लोकांनी कसे दिवस काढले, इथवर जाऊन पोचलो. कन्या शिंपल्यातल्या डागावर बोट फिरवत होती.

तेवढ्यात हर्णेहून आईचा व्हिडिओ कॉल आला. नातीने तोच प्रश्न आजीला टाकला. आईने एक क्षणही घेतला नाही. "कशाला म्हणजे? खायला! कालवं काढून कांद्यावर परतायची. मोती काय करायचाय, तो शिजत नाही."

"आजी!" कन्या किंचाळली. गेले तीन आठवडे ती शाकाहारी आहे. तेही एका प्रश्नामुळेच, पण तो वेगळा विषय. मी आईला सांगायला गेलो की खडकावरची कालवं वेगळी आणि मोत्याचे शिंपले वेगळे; तर ती म्हणाली, "तू गप रे. पोरीचा गुडघा बघ आधी, हळद लाव." समैस्माच्या वाळवंटात हळद कुठून आणायची? बायकोने बाटलीतलं पाणी ओतून गुडघा धुतला. पोर पुन्हा पाण्याकडे पळाली, तेव्हा बायको हळूच म्हणाली, "अरे, ती शिंपल्याचं विचारत नाहीये."

"मग?"

"वर्गातल्या एकीला बुद्धिबळात पदक मिळालं. दुसरी व्हायोलिन वाजवते. परवा मला विचारत होती, माझ्यात काय आहे म्हणून."

मी चटणीच्या डबीचं झाकण लावलं. मग उघडलं. जपानपर्यंत जाऊन आलो होतो मी, आणि पोर चटईच्या या टोकाला बसून होती. तिकडे ती ओल्या वाळूत एका खेकड्याच्या बिळाशी ओणवी झाली होती. खेकड्याने बाहेर वाळूच्या बारीक गोळ्यांची रांगोळी घातली होती. आता भरती आली की ती जाणार, हे त्याला कोणी सांगितलेलं दिसत नव्हतं. मी जाऊन शेजारी बसलो. बोललो काहीच नाही. मुख्य म्हणजे सुचलंच नाही. खेकडा दोनदा डोकावला आणि आम्हाला पाहून दोन्ही वेळा आत गेला.

घरी यायला नऊ वाजले. गाडीत वाळू, डब्यात वाळू, उरलेल्या थालीपिठातही वाळू. शिंपला तिने उशाशी ठेवला. दिवा मालवला. एसीची घरघर लयीत आली.

"बाबा, तुझ्यात मोती आहे?"

'झोप आता' ओठांवर आलं होतं. "नसावा," मी म्हटलं. "कधी कधी मलाही वाटतं, असायला हवा होता."

बराच वेळ काही नाही. मला वाटलं झोपली.

"आणि माझ्यात?"

"कुठे दुखतंय का?"

"गुडघा."

"मग तिथेच असेल."

अंधारात चादर सळसळली. ती गुडघा चाचपून बघत होती.

"फुगलाय थोडा," ती म्हणाली, आणि कुशीवर वळली.